मिश्र शिकारीसाठी गनडॉग: जात कशी निवडायची

"कोणती जात सगळ्यात चांगली?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "गेल्या मोसमात किती दिवस रानात होतास, आणि त्या दिवसांत नेमकं काय केलंस?" बहुतेकांना सांगता येत नाही. त्यांना आठवतो एखादाच दिवस. पहाटेचं धुकं, पाण्यावर उतरणारी बदकं, आणि कुणाचा तरी लॅब्रॅडॉर काठावरून झेप घेऊन पक्षी आणतोय. त्या एका दिवसावर भाळून कुत्रा घेतला जातो. मग उरलेला मोसम कुत्रा आणि मालक एकमेकांच्या तोंडाकडे बघत काढतात.

गनडॉग म्हणजे बंदुकीने शिकार करताना सोबत काम करणारा कुत्रा. कायद्याने परवानगी असलेल्या जागी, परवान्यानिशी आणि मोसम पाळून थोडी थोडी सगळ्याच प्रकारची पक्ष्यांची शिकार करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आज बांधाच्या कडेने फेझंट, उद्या लपणात बसून पारवे, मधेच एखादी संध्याकाळ बदकांची, आणि कुणी बोलावलं तर हाक्याला. एवढं सगळं एकाच कुत्र्याकडून करून घ्यायचं आहे, म्हणून घाईने निवड करू नका.

पायरी १: आधी डायरी, मग कुत्रा

एक कागद घ्या आणि पाच रकाने आखा. बांध आणि झुडपांच्या जाळ्या धुंडाळत चालणं हा पहिला. मोकळ्या माळावर लांबवर पक्षी शोधणं हा दुसरा. लपणात किंवा हाक्याच्या रांगेत एका जागी बसणं हा तिसरा. पाणी आणि दलदल चौथा, जायबंदी जनावराचा माग काढणं पाचवा. आता गेल्या मोसमातल्या प्रत्येक दिवसाची एक रेघ ज्या त्या रकान्यात मारा. घडलेले दिवस धरायचे, मनातले नाहीत.

समजा, तीस रेघांपैकी अठरा पहिल्या रकान्यात पडल्या, सात लपणात, तीन पाण्यावर आणि दोन माळावर. तुमची शिकार मिश्र वाटत असली तरी ती मुळात जाळ्यांची शिकार आहे, बाकीचं तोंडी लावायला. ज्या रकान्यात निम्म्याहून जास्त रेघा, ते काम कुत्र्याच्या रक्तातच हवं. दुसऱ्या क्रमांकाचं काम त्याला शिकवून यायला हवं. तिसऱ्या क्रमांकाच्या दोन-तीन दिवसांसाठी मित्राचा कुत्रा असतोच की!

एकाही रकान्यात निम्म्या रेघा नसतील तरच तुमची शिकार खरोखर मिश्र. तसं सहसा निघत नाही.

याच कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक आकडा लिहून ठेवा: ३६५ वजा तीस, म्हणजे ३३५. इतके दिवस कुत्रा रानात नसतो, तुमच्या घरात असतो. या आकड्याकडे चौथ्या पायरीवर पुन्हा येऊ.

पायरी २: उठवणारा, आणणारा, धरणारा

गनडॉगच्या जातींची नावं पाठ करण्याआधी त्यांची कामं नीट समजून घ्या. नावं पुष्कळ आहेत, मूळ कामं तीनच.

उठवणारा, म्हणजे स्पॅनियल. तो बंदुकीच्या पुढे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे नागमोडी फिरतो, जाळीत शिरतो, पक्षी हवेत उठवतो आणि तिथल्या तिथे बसतो. दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस मीटर, एवढीच त्याची हद्द. ही हद्द छऱ्याने ठरवली आहे. शॉटगनचा छर्रा पस्तीस-चाळीस मीटरपलीकडे विरळ होतो. पक्षी वीस मीटरवर उठला तर बंदूक खांद्याला लावेपर्यंत तो टप्प्याच्या कडेला पोचलेला असतो. पन्नास मीटरवर उठवणारा स्पॅनियल पक्षी तुमच्यासाठी उठवत नाही, स्वतःच्या मजेसाठी उठवतो.

आणणारा, म्हणजे रिट्रीव्हर. याचं अर्धं काम न हलण्याचं आहे. बसायचं, पक्षी कुठे पडला ते डोळ्यांनी टिपायचं, सोडलं की सरळ तिथे जायचं आणि पक्षी न चुरडता हातात आणून द्यायचा. दिसला नसेल तर शिट्टीवर थांबून हाताच्या इशाऱ्याने पुढे, मागे, डावीउजवीकडे वळायचं.

धरणारा, म्हणजे पॉइंटर आणि सेटर. हा नाक उंच ठेवून वारा कापत लांब फिरतो, कधी शंभर-दोनशे मीटर. वास लागला की खांब रोवल्यासारखा उभा राहतो आणि तुम्ही येईपर्यंत हलत नाही. युरोपच्या मुख्य भूभागावर या धरणाऱ्यांना पक्षी आणायला आणि माग काढायलाही शिकवलं गेलं, त्यातून सर्वकामी जाती तयार झाल्या. शोधणं, धरणं आणि आणणं अशी तीन कामं करणाऱ्या या गटाला ब्रिटनमध्ये एचपीआर म्हणतात.

अडचण अशी की ही कामं स्वभावाने एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तीन तास काटेरी जाळीत स्वतःला झोकून देणाऱ्या कुत्र्याच्या अंगात जी आग असते, तीच त्याला तीन तास लपणात गप्प बसू देत नाही. त्यामुळे सर्वकामी कुत्रा म्हणजे तडजोडच. ती तडजोड कोणत्या कामात चालेल, हे तुम्ही ठरवायचं. नाही ठरवलं तर कुत्रा ठरवतो.

माझा दुसरा कुत्रा धरणाऱ्या जातीचा होता. माळावर त्याला बघणं म्हणजे सोहळा असे. पण माझे निम्मे दिवस लपणात जात, आणि लपणात तो पहिल्या पंधरा मिनिटांनंतर कुईकुई सुरू करायचा. आधी हळू, मग सुरात. पारवे लांबूनच वळसा घालून जायचे. दोष कुत्र्याचा नव्हता. मी डायरीच लिहिली नव्हती.

पायरी ३: रान, पाणी आणि हवा

तुम्ही ज्या रानात जाता ते डोळ्यांसमोर आणा. काट्यांची दाट जाळी असेल तर पातळ, आखूड केसांचा कुत्रा दोन तासांत रक्तबंबाळ होतो. काही तर पहिल्या ओरखड्यानंतर जाळीच टाळायला लागतात. तिथे स्पॅनियलचे केस किंवा जर्मन वायरहेअर्ड पॉइंटरचा राठ कोट, म्हणजे केसांचं आवरण, उपयोगी. मात्र लांब मऊ केसांत कुसळं आणि गोखरू अडकतात. गवताचं कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरलं की आत आत सरकत जातं आणि गाठ घेऊन बसतं. स्पॅनियल पाळणार असाल तर रोज संध्याकाळी कान आणि पंजे चाचपायची सवय लावून घ्या.

थंड पाण्यात वारंवार उतरावं लागत असेल तर दुपदरी, तेलकट कोट हवा. लॅब्रॅडॉरकडे तो आहे. चेसापीक बे रिट्रीव्हरकडे त्याहून दाट आहे, ती जात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाडीत बदकांसाठीच घडली. उलट उष्ण हवेत हाच कोट अंगावर घोंगडं पांघरल्यासारखा होतो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि जोमदार कुत्रा कामाच्या नादात थांबत नाही. गरम हवेत आखूड केसांचा, हलक्या बांध्याचा कुत्रा बरा, आणि त्यालाही पहाटेच काम द्यावं.

रंगाचाही विचार करा, पण सौंदर्यासाठी नव्हे. पांढरे डाग असलेला कुत्रा झाडीत चटकन दिसतो. तांबूस किंवा यकृती रंगाचा कुत्रा वाळक्या पानांत दहा पावलांवरही हरवतो. दाट रानात कुत्रा दिसणं हा सुरक्षेचा भाग आहे. लपणात आणि पाण्याच्या काठी मात्र गडद किंवा मातकट रंग फायद्याचा.

शेपटीबद्दल एक सूचना. जाळीत सतत हलणाऱ्या लांब शेपटीचं टोक फाटतं आणि ते लवकर बरं होत नाही, म्हणून काही कामकरी जातींची शेपूट पिल्लू असतानाच आखूड करण्याची प्रथा होती. आता बऱ्याच देशांत त्यावर बंदी आहे किंवा फक्त कामकरी कुत्र्यांना पशुवैद्यामार्फत सवलत आहे. तुमच्याकडचा कायदा पिल्लू बघायला जाण्याआधी वाचा.

पायरी ४: स्वतःकडे बघा

ही पायरी लोक टाळतात. रोज दीड-दोन तास कुत्र्याला देता येतील का? कामकरी वंशाचा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर असेल तर त्याचं गल्लीतल्या फेरीवर भागत नाही. त्याला पळायला मिळालं नाही तर तो सोफ्याचा भुगा करतो आणि वर तुमच्याकडे अपेक्षेने बघतो. तुमचा आवाज चढतो का? मग हळव्या मनाचे विझला आणि सेटर तुमच्यासाठी नाहीत. ते एकदा दुखावले की आठवडाभर काम विसरतात. पूर्वी कुत्रा शिकवला आहे का? नसेल तर फार तेज वंशाचा कॉकर घेऊ नका. कारण पुढे येतंच.

घरात लहान मुलं, मांजर, कोंबड्या आहेत का, तेही आत्ताच बघा. जर्मन सर्वकामी जातींमध्ये उपद्रवी जनावराला स्वतःहून मारण्याची वृत्ती पूर्वी मुद्दाम जोपासली गेली. त्या वृत्तीला शेजाऱ्याचं मांजर आणि कोल्हा यांतला फरक आपोआप कळत नाही.

पायरी ५: जाती, एकेक करून

*इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल.* डायरीत पहिला रकाना भरलेला असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, १९०२ मध्ये स्प्रिंगरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, पण जाळ्यांतून पक्षी उठवण्याचं त्याचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. वजन साधारण वीस किलो, त्यामुळे जाळी फोडायला पुरेसा दणकट आणि कुंपणावरून उचलून पलीकडे ठेवता येईल इतका हलका. पक्षी आणतो, पाण्यात जातो आणि दिवसभर थकत नाही. लपणात बसवणं जमतं, पण ते शिकवावं लागतं. पहिल्या वर्षी जाळीपेक्षा बसण्याचाच सराव जास्त घ्या. त्याची खोड एकच, तो हळूहळू लांब जायला लागतो. आज पंचवीस मीटर, पुढच्या आठवड्यात तीस, मोसम संपेपर्यंत साठ. आपल्या ते लक्षातही येत नाही.

*कामकरी कॉकर.* साधारण तेरा-चौदा किलोचा, आणि डोकं वकिलाचं. वुडकॉक या पक्ष्याच्या शिकारीवरूनच याचं नाव पडलं. स्प्रिंगर जिथे जाळी फोडतो तिथे कॉकर बुंध्याशी वाट शोधून आत शिरतो. लहान घराला, छोट्या गाडीला आणि पहिल्या रकान्याला उत्तम. मोठा नर फेझंट किंवा ससा पाण्यातून किंवा उंच कुंपणावरून आणताना मात्र त्याची दमछाक होते. शिकवताना कॉकर तुमची परीक्षा घेतो. स्प्रिंगर चूक करतो तेव्हा बहुधा विसरलेला असतो, कॉकर चूक करतो तेव्हा बहुधा त्याने विचार केलेला असतो. पहिलाच गनडॉग असेल तर मी कॉकर सुचवत नाही. दुसरा असेल तर आनंदाने सुचवतो.

*लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर.* मूळ न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या पाणकुत्र्यांपासूनचं. ब्रिटनमध्ये त्यांच्यावर काम झालं आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने जात मान्य केली. लपण, हाका, पाणी या तिन्ही रकान्यांत याच्या तोडीचा दुसरा नाही. शिकवायला सोपा, चुका माफ करणारा, आणि बऱ्यापैकी शिकवला तर बांधाच्या कडेने पक्षीही उठवतो. 'बऱ्यापैकी' म्हणतोय, कारण लॅब्रॅडॉर जाळीत जातो, जाळीवर तुटून पडत नाही. रेघा सगळ्या रकान्यांत सारख्या विखुरल्या असतील आणि कुत्रा पहिलाच असेल तर माझं मत लॅब्रॅडॉरच्या बाजूने. एक सावधगिरी. त्याला आधी जाळ्यांत मोकाट फिरवून नंतर बसायला शिकवू नका. बसण्याची सवय पक्की झाल्याशिवाय पक्षी उठवण्याचं काम द्यायचं नाही. क्रम उलटा झाला तर तुमच्या पदरी अर्धा स्पॅनियल आणि पाव रिट्रीव्हर पडतो.

*गोल्डन आणि फ्लॅटकोट.* दोन्ही चांगले रिट्रीव्हर, दोन्ही उशिरा प्रौढ होतात. गोल्डनचं नाक उत्तम, पण केसांची निगा फार. फ्लॅटकोट अडीच-तीन वर्षांचा होईपर्यंत पोरकटच राहतो, तोही आनंदाने. धीर असेल तर घ्या.

*जर्मन शॉर्टहेअर्ड आणि वायरहेअर्ड पॉइंटर.* सर्वकामी म्हणून ज्यांचं नाव आधी येतं ते हेच. पंचवीस ते तीस-बत्तीस किलोचे, वेगवान, नाक जबरदस्त, पाण्यालाही तयार. शॉर्टहेअर्ड मोकळ्या माळावर आणि धसकटांत खुलतो. वायरहेअर्ड त्याहून कणखर. थंडी, पाणी, काटे कशाचीच त्याला पर्वा नसते, आणि स्वभावाने तो थोडा गंभीर, एका माणसाचा. जर्मनीत या जातीच्या मूळ क्लबमध्ये कुत्र्याला कामाच्या परीक्षा दिल्याशिवाय वंशवाढीसाठी मान्यता मिळत नाही, त्यामुळे कामाचा गुण टिकून राहिला आहे. ज्यांना पक्ष्यांबरोबर हरणाचा मागही काढायचा आहे, त्यांनी वायरहेअर्डचा विचार आधी करावा.

मग सगळ्यांनी हेच का घेऊ नयेत? एक तर जाळी. दाट झाडीत धरणारा कुत्रा पक्ष्यासमोर गोठून उभा राहतो आणि तुम्ही त्याला शोधत फिरता. गळ्यातल्या घंटेचा आवाज थांबला की कुत्रा उभा राहिला असं समजायचं, ही जुनी युक्ती त्यासाठीच. दुसरं, पळणारे पक्षी. फेझंट दबून बसण्याऐवजी पायी सटकतो. कुत्रा धरून उभा, पक्षी तीस पावलं पुढे. तिसरं, माणसं. चौघं जण रांगेत चालत असताना एक कुत्रा दीडशे मीटरवर काम करत असेल तर बाकी तिघांची सहल होते. एकटे किंवा दोघंच फिरता, रान मोकळं आहे, पक्षी दबून बसणारे आहेत, अशा ठिकाणी मात्र यांच्यासारखा आनंद नाही.

*विझला.* हंगेरीचा, सोनेरी तांबूस, माणसाला चिकटून राहणारा. धरतोही सुंदर, पण एकूण हळवा. त्याचा राठ केसांचा भाऊ १९३० च्या दशकात जर्मन वायरहेअर्डशी संकर करून घडवला गेला. थंडी आणि काट्यांसाठी तो भाऊ घ्या.

*ब्रिटनी.* एचपीआर गटातला सर्वांत लहान, चौदा ते अठरा किलोचा फ्रेंच कुत्रा. काही पिल्लं जन्मतःच आखूड शेपटीची असतात. धरणारा हवा पण मोठा कुत्रा सांभाळायला जागा नाही, अशांनी याच्याकडे बघावं. माझ्या मते याचं जितकं कौतुक व्हायला हवं तितकं होत नाही.

वायमरानर देखणा, पण त्याचा मोठा हिस्सा शोभेच्या वंशांत गेला आहे, कामकरी वंश शोधून घ्यावा लागतो. मोठा मुन्स्टरलँडर शांत आणि समजूतदार, पाण्याला चांगला. स्पिनोने संथ चालतो. वय झालेल्या शिकाऱ्याला त्याची चाल मानवते.

शुद्ध पॉइंटर आणि सेटर मोकळ्या डोंगरमाळावर ग्राउज किंवा तितर शोधण्यासाठीच आहेत. दुसऱ्या रकान्यात पंचवीस रेघा असतील तर अवश्य घ्या. मिश्र शिकारीसाठी नकोत.

पायरी ६: जातीपेक्षा वंश मोठा

इथपर्यंत जात ठरली असेल. आता काम खरं सुरू होतं, कारण एकाच जातीच्या दोन वंशांत जितकं अंतर असतं तितकं कधी कधी दोन जातींतही नसतं. शोच्या वंशाचा कॉकर आणि कामकरी कॉकर शेजारी उभे करा. एकाचे कान गुडघ्यापर्यंत, डोकं घुमटाकार, केसांची झालर जमिनीला टेकलेली. दुसऱ्याचं डोकं चपटं, कान आखूड, अंग कोल्ह्यासारखं सडपातळ. नाव तेवढं सारखं. स्प्रिंगर आणि लॅब्रॅडॉरमध्येही ही फूट आहे. विझला आणि मुन्स्टरलँडरमध्ये ती कमी.

वंशावळीचा कागद हातात आला की मागच्या तीन-चार पिढ्यांतल्या नावांपुढची अक्षरं बघा. ब्रिटिश पद्धतीच्या कागदावर 'एफटीसीएच' म्हणजे फील्ड ट्रायल, अर्थात रानातल्या कामाच्या स्पर्धेतला चॅम्पियन, आणि 'एफटीडब्ल्यू' म्हणजे फील्ड ट्रायल जिंकलेला. चॅम्पियनांची नावं बहुधा लाल शाईत असतात. नुसतं 'एसएच सीएच' दिसलं तर तो फक्त शोमधला चॅम्पियन. रिट्रीव्हर आणि स्पॅनियलच्या ट्रायलमध्ये कुईकुई करणं किंवा पक्षी चुरडणं यावर कुत्रा बाद होतो, म्हणून ट्रायलमधल्या रक्ताला अर्थ आहे.

पण लाल शाईच्या मोहातही पडू नका. आजोबा, पणजोबा, दोन्ही बाजू सगळ्या चॅम्पियन असतील तर पिल्लू शर्यतीचं इंजिन घेऊन येतं. अनुभवी हातांत ते उडतं, नवख्याच्या हातांत ते पळून जातं. पहिल्या कुत्र्यासाठी मी असं वेत शोधतो ज्यात एका बाजूला एक-दोन ट्रायल विजेते आहेत, आणि आई-बाप दोघंही दर आठवड्याला साध्या शिकारीवर जाणारे आहेत.

रक्ताच्या जवळिकीचाही हिशोब मागा. त्याला अंतःप्रजनन गुणांक म्हणतात. सख्ख्या चुलत भावंडांच्या संकरात तो ६.२५ टक्के येतो, सावत्र भावंडांच्या संकरात १२.५. त्या जातीच्या सरासरीहून कमी असलेलं वेत बरं.

पायरी ७: आरोग्याचे कागद

"आमच्या कुत्र्यांना कधी काही झालं नाही" याला चाचणी म्हणत नाहीत. कागद मागा.

खुब्याचा एक्स-रे मध्यम आणि मोठ्या सगळ्या जातींना हवा. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ आणि दोन्ही मिळून ० ते १०६ गुण देतात. आकडा जितका कमी तितका खुबा चांगला. इतर अनेक देशांत ए ते ई अशी श्रेणी असते, त्यात ए उत्तम. कोपराला ० ते ३, आणि शून्यच हवा. डोळ्यांची तपासणी दर काही काळाने करावी लागते, म्हणून तिची तारीख बघा.

जनुकीय चाचण्या जातीप्रमाणे बदलतात. लॅब्रॅडॉरमध्ये ईआयसी नावाचा दोष आहे. जोराच्या कामानंतर मागचे पाय लुळे पडतात. त्याचं जनुक २००८ मध्ये सापडलं आणि तेव्हापासून रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून तपासणी होते. स्प्रिंगरला पीएफके आणि फ्युकोसिडोसिस हे आनुवंशिक आजार, कॉकरला ऐन तरुणपणी मूत्रपिंड निकामी करणारा एफएन, आणि या तिन्ही जातींना हळूहळू आंधळेपणा आणणारा पीआरए, यांच्या चाचण्या विचारा. यांतले बहुतेक दोष दोन्ही पालकांकडून एकेक खराब प्रत आली तरच दिसतात. म्हणून एक पालक वाहक, म्हणजे एकच खराब प्रत असलेला, असला तरी घाबरायचं कारण नाही, दुसरा पूर्ण निर्दोष असला की झालं. दोघंही वाहक असतील तर ते वेत सोडून द्या.

खोल छातीच्या जातींमध्ये, म्हणजे वायमरानर, पॉइंटर, सेटर यांच्यात, पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. त्याला साधी चाचणी नाही. जेवणाच्या आगेमागे पळवायचं नाही, एवढी काळजी घ्यायची आणि पालकांच्या घराण्यात कुणाला झालं होतं का ते विचारायचं. फ्लॅटकोटमध्ये कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे. घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

लॅब्रॅडॉरच्या खादाडपणाचं बिंगही २०१६ मध्ये फुटलं. जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यांची भूक लवकर शमत नाही. म्हणून त्याच्या डोळ्यांतल्या करुणेवर नाही, तराजूवर विश्वास ठेवा.

पायरी ८: आई-बाप कामावर बघा

पिल्लं बघायला जाण्याआधी आई-बापांपैकी निदान एकाला रानात बघा. मोसम नसेल तर कापडी डमीवर काम दाखवायला सांगा. मी या गोष्टी बघतो:

- शिट्टी एकदाच वाजली की पाचदा?
- पक्षी किंवा डमी हातात देतो, की समोर टाकतो, की गोल गोल फिरून मिरवतो?
- दुसरा कुत्रा काम करत असताना हा गप्प बसतो का?
- काम संपल्यावर गाडीपाशी शांत होतो का?

चौथा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याला थांबता येतं असा कुत्रा ३३५ दिवस घरात सुखाने राहतो. आणि कुईकुई बऱ्याच अंशी रक्तातून येते. आई लपणात रडत असेल तर पिल्लू गप्प निघेल अशी आशा धरू नका.

एकदा एका माणसाने मला पिल्लांची आई दाखवलीच नाही. ती आजारी आहे, शेजारी ठेवली आहे, पुढच्या वेळी दाखवू, असं ऐकून मी गाडीत बसलो आणि परत निघालो. पिल्लं गोड होती. पिल्लं गोडच असतात. आई पिल्लांबरोबर दिसलीच पाहिजे, याला अपवाद करू नका.

पायरी ९: पिल्लू, नर-मादी, की शिकलेला कुत्रा

वेतातलं पिल्लू निवडण्यात लोक फार जीव पाडतात. खरी निवड वेत ठरवताना झालेली असते. सात आठवड्यांच्या पिल्लाच्या एका तासाच्या वागण्यावरून त्याचं आयुष्य ओळखता येत नाही, कारण नुकतंच जेवलेलं पिल्लू झोपाळू असतं आणि भुकेलेलं धाडसी. मला मधलं आवडतं. टाळी वाजवली की दचकून सावरणारं, चुरगाळलेला कागद टाकला की धावून जाऊन उचलणारं, हातात घेतल्यावर थोडी चुळबुळ करून शांत होणारं. ब्रीडर दोन महिने रोज त्यांना बघतोय. त्याला तुमची डायरी दाखवा आणि त्याचं मत ऐका. आठ आठवड्यांच्या आत घरी आणू नका.

मादी लवकर समजूतदार होते, पण माजाच्या काळात ऐन मोसमात तीन आठवडे घरी राहू शकते. नर सलग काम करतो, मात्र आसपास माजावरची मादी असली की त्याचं नाक वेगळ्याच कामाला लागतं. यापलीकडे फरकाचा बाऊ करू नका.

वेळ नसेल तर अर्धशिक्षित कुत्रा, म्हणजे बारा-पंधरा महिन्यांचा, बसणं, बोलावणं, थांबण्याची शिट्टी आणि डमी आणणं येणारा, हा उत्तम मार्ग आहे. किमान दोनदा, दोन वेगळ्या जागी त्याचं काम बघा, आणि दुसऱ्या वेळी शिट्टी तुम्ही वाजवा. बंदुकीच्या आवाजाला तो बुजत नाही, हे आपल्या कानांनी आणि डोळ्यांनी खात्री करून घ्या. आवाजाला घाबरलेला कुत्रा सुधारणं फार कठीण.

शिट्टीचंही इथेच सांगतो. ब्रिटिश अॅक्मी शिट्ट्यांमध्ये स्पॅनियलसाठी २१०½ आणि रिट्रीव्हरसाठी २११½ हा सूर सर्रास वापरतात. तोच घ्या, हरवली तर तशीच दुसरी मिळते. तोंडाने शीळ घालणाऱ्यांचे ओठ थंडीत नेमके त्याच क्षणी फुटलेले असतात.

पायरी १०: पहिली दोन वर्षं

सहा महिन्यांपर्यंत खेळ, नाव, बोलावल्यावर येणं, माणसांची आणि गाडीची सवय. सहा-आठ महिन्यांपासून रोज दहा मिनिटं शिस्तीचं शिक्षण, त्याहून जास्त नाही. लांब एक शिट्टी म्हणजे बस, आखूड आखूड शिट्ट्या म्हणजे ये. बंदुकीचा आवाज आधी लांबून, खाताना किंवा खेळताना, आणि आठवड्या-आठवड्याने जवळ आणायचा. मोठ्या जातींना वर्षभर उंच उड्या नकोत, सांधे अजून पक्के झालेले नसतात. लपणात बसायचं असेल तर वर्षाचा झाल्यावर त्याला बंदुकीविना नुसतं लपणात नेऊन बसवा. पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. कंटाळायलाही शिकवावं लागतं.

पहिला खरा मोसम दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान. पहिले पाच-सहा दिवस तुम्ही बंदूक घेऊच नका. मित्राला नेम धरू द्या आणि तुमचे दोन्ही डोळे कुत्र्यावर ठेवा. पक्षी उठल्यावर तो बसला का, एवढंच बघायचं. बसला नाही तर त्या दिवशी आणखी पक्षी उठवायचा नाही. दोर लावून गाडीपाशी जायचं आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानात बसण्याचा धडा पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा.